गालावरचा चुंबक

कमलाकर गुरुजींनी पाटावरचा चुंबक उचलला, तर त्याच्याबरोबर देवीही एका अंगाने वर आली.

त्यांना वाटलं, बाहीचं बटण अडकलं असेल. बटण जागेवर होतं. त्यांनी हात जरासा झटकला. मुखवटा पाटावर आपटला आणि चुंबक हातातून सुटून पुन्हा त्याच्या डाव्या गालाला जाऊन बसला. मागे फळ्यावर गुरुजींनीच दहा मिनिटांपूर्वी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'चुंबक लोखंडास ओढतो. सोने, चांदी, तांबे, पितळ यांस ओढत नाही.'

चौथीचा अख्खा वर्ग, म्हणजे अकरा पोरं, फळ्याकडे बघत होता आणि मग देवीकडे. पहिल्या रांगेतल्या पोरीने पाटीवर दोन रकाने आखले होते. तिने बोट वर केलं.

"गुरुजी, देवी कुठल्या रकान्यात लिवू?"

महाडकडच्या कापडे गावाच्या वरच्या अंगाला सावरखिंड नावाची वाडी आहे, तिथली ही गोष्ट. साल त्रेसष्ट. शाळेला इमारत नव्हती, म्हणून शाळा काळकाईच्या देवळात, सभामंडपात भरायची. शिमगा आठ दिवसांवर आला होता. पालखीत बसवायचा देवीचा चांदीचा मुखवटा महिपती गुरवाने नेमाप्रमाणे चिंचेने घासून पाटावर वाळत घातला होता आणि तो पाण्याला गेला होता. गुरुजींना तालुक्याहून विज्ञानाची पेटी नुकतीच आली होती. पेटी आली, पण टेबल आलं नाही. म्हणून त्यांनी खिळे, टाचण्या आणि चुंबक देवीच्याच पाटावर मांडले. एवढंच झालं.

गुरुजींनी बोटांच्या पेरांनी चुंबक सोडवला, खिशात घातला आणि पोरीला सांगितलं, की तो रकाना उद्या लिहू. मग वर्ग सोडला. वेळेआधी शाळा सोडण्याइतकी मोठी चूक दुसरी नव्हती. अकरा पोरं अकरा घरांत एकाच वेळी पोचली.

दुपारी उन्हं कलायच्या आत सगळी वाडी मंडपात जमली. मध्ये पाटावर देवी, आणि तिच्यापासून चांगलं चार हात लांब, एका पत्रावळीवर, चुंबक. त्याला कुणी शिवत नव्हतं.

मतं निरनिराळी पडली. चांगू म्हणाला, यात नवल ते काय, देवी जागृत आहे, तिने चुंबकाला ओढून घेतलं. दुसऱ्याचं म्हणणं, चुंबक सरकारी आहे, आणि सरकारी साखरेत खडे असतात तर सरकारी चुंबक तरी धड कशाला असेल. तिसऱ्याने आवाज खाली आणून सांगितलं, की चीनची लढाई झाल्यापासून सरकार सोनं-चांदी गोळा करतंय. ज्याच्या घरात आहे ते हुडकायला हे यंत्र मास्तरच्या हाती धाडलंय. हे मत बायकांनी दाराआडून ऐकलं. संध्याकाळपर्यंत वाडीतल्या झाडून साऱ्या कणग्यांत भाताखाली काही ना काही गेलं होतं. घाईत कुणाचं काय गेलं याचा मेळ पुढे शिमगा झाला तरी लागला नाही. गुरुजींना सणावाराला जेवायला बोलवायची चढाओढ असायची, तीही त्या दिवसापासून थांबली.

गुरुजींनी तीनदा समजावलं, की चुंबक सोनं-चांदी हुडकूच शकत नाही. पण जो माणूस न विचारता खुलासा करतो त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार.

शेवटी हैबती उठला. हैबती म्हणजे सावरखिंडीतला सगळ्यात संशयी माणूस. आपल्या बैलांची शिंगंसुद्धा तो सकाळ-संध्याकाळ मोजून घ्यायचा, असं लोक म्हणत.

"मास्तरचं यंत्र खरं असंल तर?" तो म्हणाला. "तर मंग मुखवटा लोखंडाचा."

कुणीच महिपतीकडे बघितलं नाही, आणि सगळ्यांनी एकदम न बघितल्यामुळे तो एकटाच उघडा पडला. मुखवट्याला हात लावायचा मान फक्त गुरवाच्या घराचा. बापामागून महिपतीने तो एकोणीस वर्षं चालवला होता. हैबतीने मग नुसतंच सहज बोलल्यासारखं विचारलं, की महिपतीच्या घरावर मंगलोरी कौलं चढली ती कुठल्या साली बरं. महिपतीने सांगितलं, की ते पैसे मुंबईला गिरणीत असलेल्या भावाने धाडले होते. त्यावर हैबती नुसता "असंल" म्हणाला. त्याच्या तोंडचं 'असंल' दुसऱ्याच्या शिवीपेक्षा जड पडायचं.

पोलीस पाटील मालोजी तोवर खांबाला टेकून गप्प बसले होते. त्यांनी सुपारी गालात फिरवली आणि म्हणाले, देवीच्या तोंडाला यंत्रं लावायची नाहीत. बापजाद्यांनी कधी लावली नाहीत. विषय संपला.

हैबतीच्या लेखी विषय संपला नव्हता. देवीलाच विचारा, कौल लावा, असं एकाने सुचवलं. कौल लावायचा म्हणजे देवीच्या पाषाणाला उजवीकडे-डावीकडे ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या आणि कुठली आधी पडते त्यावरून देवीचा होकार-नकार समजायचा. सावरखिंडीत बैल घ्यायचा तरी कौल लावल्याशिवाय कुणी दावं सोडत नसे. पण पाकळ्या लावणार कोण? महिपतीच. म्हणजे ज्याच्यावर संशय त्याच्याच बोटाने निवाडा. हैबती म्हणाला, आपली पाकळ्यांवर श्रद्धा आहे, बोटांवर नाही.

अखेर ठरलं ते असं : शुक्रवारी सकाळी सगळ्यांसमोर चुंबकाची परीक्षा घ्यायची. मुखवट्याला चिकटला तर महिपतीने कायमचं देऊळ सोडायचं, आणि वाडीने त्याच्याशी पाणी-विस्तव बंद करायचा. नाही चिकटला तर चुंबक खोटा. मग मास्तरांनी फळ्यावर काय लिहायचं ते वाडीला विचारून लिहायचं.

गुरुजींनी मान डोलावली. महाडात वाढलेल्या माणसाला वाटतं, की मान डोलावली म्हणजे वाद मिटतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी महिपती त्यांच्या खोलीवर आला. खोली म्हणजे चांगूच्या घराची पडवी. त्याने उपरण्याखालून मुखवटा काढला, जमिनीवर पालथा ठेवला आणि खिळ्याने आतली लाख खरवडायला लागला. मुखवट्याला वजन यावं म्हणून आतून लाख भरलेली होती. कपाळाच्या आतल्या बाजूची लाख निघाली तशी खाली उठावाची इंग्रजी अक्षरं दिसायला लागली. गुरुजींनी वाकून वाचली.

"चार गॅलन," ते म्हणाले.

"रॉकेलचा डबा," महिपती म्हणाला. "चव्वेचाळीस साली दुसरं काय गावत नव्हतं."

मग त्याने सगळं सांगितलं. बाप नुकताच वारला होता आणि मुखवटा धुवायची त्याची पहिलीच खेप होती. मुखवटा नदीवर नेऊन धुवायची तेव्हा रीत होती. डोहाच्या काठाला शेवाळ. त्याने देवीच्या नाकाला चिंच लावली आणि त्याच क्षणी त्याला शिंक आली. देवी हातातून सुटली ती सरळ डोहात. शिमगा सहा दिवसांवर. त्याने त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी बुड्या मारल्या, पण डोहाचा तळ लागला नाही. मग महाडला जाऊन एका कल्हईवाल्याकडून त्याने नाटकातलं सोंग म्हणून हे करून घेतलं. पुढे वैशाखात पाणी उतरलं तेव्हा पुन्हा हुडकायचं मनात होतं, पण तेव्हा डोहात पाटलांच्या माणसांची मासेमारी चालली होती. त्यांच्यासमोर गुरव बुड्या कशाला मारतोय, म्हणून कुणी विचारलं असतं. त्याच साली भावाचे पैसे आले. ते नेमके त्याच साली यायला नको होते.

"जुन्या मुखवट्याचं हनवटीखालचं नक्षीकाम याला उतरवता आलं नाय," तो म्हणाला. "चंद्रकोर व्हती, अन तिच्याखाली तीन ठिपके. मधला जरा वाकडा. बाप म्हणायचा, सोनाराला पण शिंक आली आसंल."

गुरुजी हसले नाहीत. एकोणीस वर्षं अख्खी वाडी रॉकेलच्या डब्यापुढे नवस बोलत होती, आणि फेडतही होती, हे त्यांच्या डोक्यात बसत नव्हतं. त्याहून एक दुसरीच गोष्ट बसत नव्हती. शिंक. चांदीचा मुखवटा हरवायला शिंक.

"महिपती," त्यांनी विचारलं, "तुम्ही तो विकला असता, तर मला सांगितलं असतं का?"

"नाय."

"मग ही शिंक खरी कशावरून?"

महिपतीने खिळा खाली ठेवला. मग म्हणाला, "शिंकेला साक्षीदार कुठून आणू, मास्तर?"

त्याने लाखेचे तुकडे गोळा केले आणि दिव्याच्या ज्योतीवर एकेक मऊ करून जागच्या जागी दाबले. बोटं भाजत होती, पण त्याने हात मागे घेतला नाही. जाताना तो काही मागून गेला नाही. त्याने नुसतं सांगितलं, की घरी बायको आहे, राहीबाई, तिला यातलं काही ठाऊक नाही. ती रोज या मुखवट्याला हळद-कुंकू लावते.

शुक्रवारी सकाळी गुरुजी नेहमीप्रमाणे चुलीपुढे बसले. भाताला आधण ठेवलं. समोर विज्ञानाचं पुस्तक उघडं होतं. चुंबकाच्या धड्यातलं शेवटचं वाक्य असं होतं : 'चुंबक लालभडक होईपर्यंत तापविल्यास त्याची शक्ती नाहीशी होते.' हा प्रयोग त्यांनी आजवर करून दाखवला नव्हता. शाळेला चुंबक एकच होता. तो मिळावा म्हणून त्यांनी तालुक्याला दोन वर्षांत सात अर्ज केले होते.

महिपतीची गोष्ट त्यांना पटली होती असं नाही. शिंकेचा प्रसंग त्यांनी मनात उलटसुलट करून पाहिला होता, आणि दर खेपेला तो जरा जास्तच गमतीदार वाटत होता. खोटं बोलणारी माणसं अशीच गमतीदार गोष्ट सांगतात. पण पाणी-विस्तव बंद होणार होता तो त्यांच्या धड्यामुळे.

त्यांनी चुंबक चिमट्यात धरून निखाऱ्यांत सरकवला. भात शिजेपर्यंत तो लाल झाला. बाहेर काढून गार केल्यावर त्यांनी तो टाचणीजवळ नेला. टाचणी हलली नाही.

एक अडचण मात्र पुस्तकात लिहिलेली नव्हती. चुंबकाच्या उत्तर टोकाला लाल रंग होता, तो जळून काळा झाला होता. परीक्षेला अर्धा तास उरलेला. गुरुजींनी देव्हाऱ्यातलं कुंकू घेतलं, खोबरेल तेलात कालवलं आणि बोटाने ते टोक रंगवलं. लांबून हुबेहूब दिसत होतं. फक्त वाळत नव्हतं.

मंडपात जागा उरली नव्हती. एका बाजूला कोयता आणि एक चांदीचा वाळा ठेवला होता, दुसरीकडे देवी. हैबती म्हणाला, चुंबक मास्तरांच्या हातात नको, मी धरणार. आधी कोयत्याला लावून बघू. पाटील म्हणाले, आधी मान देवीचा. हैबतीने चुंबक दोन बोटांत धरला, डोळे बारीक केले आणि देवीच्या गालाला टेकवला.

त्याने बोटं सोडली. चुंबक टप्पकन पाटावर पडला.

कुणीतरी घंटा वाजवली. महिपती खांबाआड उभा होता, तो हळूहळू खाली बसला. राहीबाई नवऱ्याकडे न बघता देवीला नमस्कार करत होती. बाकीच्यांनी गुरुजींकडे वळून पाहिलं. वर्षभर पोरांना खोटं शिकवणाऱ्याकडे पाहावं तसं.

मग चांगूला दिसलं, की देवीच्या गालावर कुंकवाचं लालभडक बोट उठलंय. आता कुणी लावलं? कुणीच नाही. देवीने आपणहून लावून घेतलं. मंडपात एकदम कुजबुज उठली.

हैबतीने मात्र चुंबक उचलला होता आणि कोयत्याला लावला होता. चिकटेना. खिळ्याला लावला. चिकटेना. त्याने तो नाकाशी नेला, हुंगला, अंगठ्याने चोळला आणि अंगठा उन्हात धरून पाहिला.

"मास्तर," तो म्हणाला, "ह्याला तेल-कुंकू कधीपासून लावताय तुमी?"

गुरुजींनी तोंड उघडलं, पण खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला ऐन वेळी खोटं आठवत नाही.

"देवीनं लावलं," मालोजी पाटील खांबाजवळून म्हणाले. "तिनं त्याची ताकद काढून घेतली, अन वरती कुंकू लावून परत धाडला. ठेव रे हैबती तो खाली. हात भाजंल."

हैबतीने ठेवला. पाटलांनी नारळ फोडला. दुसऱ्या घटकेला सगळ्यांचं एकमत झालं, की चुंबक खराही होता आणि खोटाही नव्हता, फक्त देवीपुढे त्याचं काही चाललं नाही. मास्तरांनाही कुणी दोष दिला नाही. दुपारी तर चांगूने त्यांना जेवायला बोलावलं. चुंबक मात्र परत मिळाला नाही. तो गाभाऱ्यात देवीच्या पायाशी ठेवला, आणि त्या दिवसापासून राहीबाई त्यालाही हळद-कुंकू लावायला लागली.

शिमगा झाला. पालखी नाचली. चार गॅलनचं कपाळ उन्हात झळाळलं. रंगपंचमी उलटल्यावर गुरुजी नव्या चुंबकासाठी आठवा अर्ज घेऊन पाटलांच्या ओटीवर गेले. गावच्या मुख्य माणसाची सही असेल तर काम लवकर होतं, असं त्यांना कुणी तरी सांगितलं होतं.

पाटील खुशीत होते. त्यांनी अर्ज वाचून घेतला. 'चुंबक निकामी झाल्याचे कारण' या ओळीपुढे गुरुजींनी 'उष्णता' लिहिलं होतं. पाटील म्हणाले, बरोबर आहे, देवीचा कोप म्हणजे उष्णताच. मग त्यांनी आत वळून पानाचा डबा मागितला.

पाटलांच्या पत्नी तुळजाबाई डबा घेऊन आल्या. आल्या त्या बोलतच.

"पितळेचा डबा त्या दिवशी गडबडीत कणगीत गेला. भात उपसल्याबिगर निघायचा नाय. म्हनून ह्यो आतला आणला."

पाटलांनी बायकोकडे बघितलं. तुळजाबाई डबा ठेवून लगबगीने आत गेल्या.

डबा चांदीचा होता. जुना, जड, कडांना घासलेला. झाकणाला मध्येच गालासारखा बारीक फुगवटा होता. पानाच्या डब्याला असा फुगवटा कशाला हवा, असं गुरुजींना वाटलं. झाकणाच्या कडेला, सोनाराने चांदी ठोकून सपाट करायच्या आधी कापून बाजूला ठेवला असावा आणि मग आवडला म्हणून तसाच बसवला असावा, असा बोटभर तुकडा होता. त्यावर एक चंद्रकोर. खाली तीन ठिपके. मधला जरा वाकडा.

पाटलांनी झाकणावर तळवा ठेवला.

"काय बघताय, मास्तर?"

"काही नाही. चांदी जुनी दिसते."

"जुनीच हाय." पाटील शांतपणे पानाला चुना लावत होते. "तुमचा चुंबक हिला लावला असता, तर चिकटला असता का वो?"

"नाही," गुरुजी म्हणाले. "चुंबकाला चांदी कळत नाही."

"हां. पोरांना शिकवताय ते बरोबर हाय मंग."

त्यांनी पान दुमडलं, त्याला लवंग टोचली आणि गुरुजींच्या हातावर ठेवलं. अर्जावर सही केली. सहीवर फुंकर मारून म्हणाले, चुंबक मागवायचा तर लहानसाच मागवा. वाडीला मोठ्याची गरज नाही.

गुरुजी उतरणीला लागले. नदीच्या वाटेवर महिपती भेटला. देवीच्या पाण्याची कळशी त्याच्या खांद्यावर होती. परीक्षेच्या दिवसापासून दोघं एकमेकांशी नीट बोलले नव्हते. महिपतीने वाट सोडून उभं राहत विचारलं, की सही मिळाली का. गुरुजींनी मिळाली म्हणून सांगितलं. मग दोन पावलं पुढे जाऊन ते थांबले.

"महिपतीबुवा," ते म्हणाले, "शिंक खरी होती."

बुवा म्हणून हाक मारल्यावरच महिपती दचकला होता. त्याने कळशी खांद्यावरून उतरवून कडेवर घेतली.

"तुमाला तर पटली नव्हती."

"आता पटली."

"पंधरा दिसांत काय झालं असं?"

गुरुजी नदीच्या डोहाकडे बघायला लागले. महिपती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याची नजर खाली, त्यांच्या मुठीतल्या पानाकडे गेली, पानावरून वरती पाटलांच्या घराकडे, आणि पुन्हा पानाकडे आली.

"पान खाल्लं नाय तुमी," तो म्हणाला.

"चुना जास्त पडलाय."

"असंल," महिपती म्हणाला, आणि कळशी पुन्हा खांद्यावर घेऊन, दर चार पावलांनी मागे वळून बघत, देवळाकडे चढायला लागला.